एक दिवसाचा सीईओ: एसेंडन क्लब, अँड्र्यू थॉर्बर्न आणि चर्चचं चेअरमनपद

सोमवार, ३ ऑक्टोबर २०२२. मेलबर्नच्या एसेंडन फुटबॉल क्लबने जाहीर केलं की आपला नवा सीईओ अँड्र्यू थॉर्बर्न. मंगळवारी त्याचा राजीनामा आलाही. माणूस अजून खुर्चीत धड टेकलासुद्धा नव्हता. ना पैशांचा घोटाळा, ना कुणा कर्मचाऱ्याची तक्रार, ना त्याच्या स्वतःच्या तोंडून गेलेला एखादा वेडावाकडा शब्द. झालं एवढंच होतं की तो एका चर्चचा चेअरमन होता आणि त्या चर्चचं २०१३ सालचं एक प्रवचन कुणीतरी शोधून काढलं.

हे प्रकरण मी कितीतरी वेळा वाचलंय आणि दर वेळी लोक त्याचे दोनच शेवट करतात, एकतर "बिचाऱ्या ख्रिश्चन माणसावर अन्याय" नाहीतर "बरं झालं, द्वेष करणाऱ्यांना हाकललं". मधला जो भाग आहे, म्हणजे क्लबच्या बोर्डाने नक्की काय विचारलं, कधी विचारलं आणि कुठल्या शब्दांत विचारलं, तो भाग सगळेच गाळतात. खरी गोष्ट तिथेच आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी क्लब समजून घ्या, त्याशिवाय ती घाई कळणार नाही. एसेंडन म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधलं, एएफएलमधलं, जुनं आणि मोठं घराणं. १६ प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं, नावावर, पण शेवटची २००० साली, आणि २००४ नंतर तोपर्यंत फायनल्समध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, एकही मॅच जिंकलेली नव्हती. त्यात २०१२ चं सप्लिमेंट प्रकरण. खेळाडूंना इंजेक्शनं दिली गेली आणि नक्की काय दिलं याचा नीट हिशोबच कुणाकडे नव्हता. २०१३ मध्ये क्लबला फायनल्समधून बाहेर काढलं, २० लाख डॉलर दंड झाला, कोच जेम्स हर्डला १२ महिने बंदी. पुढे जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवादाने ३४ आजीमाजी खेळाडूंना दोषी ठरवलं आणि त्यांचा तो अख्खा सीझन गेला. क्लबनेच झिगी स्विटकोव्स्कीकडून जो रिपोर्ट करून घेतला होता त्याचा मथितार्थ असा की जे चाललं होतं त्यावर ना नीट नियंत्रण होतं, ना कुणी प्रश्न विचारले, ना कुणी काही लिहून ठेवलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२२ च्या सीझनमध्ये १८ टीम्समध्ये १५ वा नंबर. ऑगस्टमध्ये प्रेसिडेंट बदलला, डेव्हिड बारहॅम आला, कोच बेन रटनला काढलं, जुना सीईओ झेवियर कॅम्पबेल गेला, अलास्टेर क्लार्कसनला कोच म्हणून आणायचा प्रयत्न झाला तर तो नॉर्थ मेलबर्नला गेला, शेवटी सप्टेंबरच्या अखेरीस ब्रॅड स्कॉट आला. म्हणजे दोन महिन्यांत वरपासून खालपर्यंत सगळं घर उलटंपालटं. अशा वेळी बोर्डाला एखादं भारदस्त नाव हवं असतं, पटकन. थॉर्बर्न भारदस्त होता, नॅशनल ऑस्ट्रेलिया बँकेचा २०१४ ते २०१९ सीईओ.

आता दुसरी बाजू. हा क्लब "सर्वसमावेशक" हा शब्द उगाच पोस्टरवर लावत नाही, त्यामागे खराखुरा इतिहास आहे. १९९५ च्या अँझॅक डे (सैनिकांच्या स्मृतिदिना)च्या मॅचमध्ये एसेंडनच्या मायकल लाँगला मैदानावर वंशावरून शिवी दिली गेली, त्याने ते गिळून टाकायला नकार दिला आणि त्यातून एएफएलचा वांशिक अवमानाविरुद्धचा नियम आला. तोच लाँग २००४ मध्ये मेलबर्नहून कॅनबेराच्या दिशेने चालत निघाला, देशाने आपल्या मूळनिवासी लोकांकडे लक्ष द्यावं म्हणून. रिचमंड क्लबबरोबरची, मूळनिवासी खेळाडूंच्या सन्मानाची ड्रीमटाइम मॅच २००५ पासून त्याच वारशातली. धर्माचं म्हणाल तर एएफएलमधला पहिला उघडपणे धर्म पाळणारा मुस्लिम खेळाडू बाशर हूली, त्याची कारकीर्द याच क्लबात सुरू झाली, तिथून तो रिचमंडला गेला. समलिंगी फॅन्सचा पर्पल बॉम्बर्स नावाचा ग्रुप आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक विसरतात, क्लबची महिलांची टीम त्याच वर्षी पहिल्यांदा एएफएलडब्ल्यूमध्ये, म्हणजे महिलांच्या एएफएलमध्ये, उतरली होती. ४ ऑक्टोबरला त्यांचा पहिलावहिला सीझन चालू होता. ज्या लीगमध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या खेळाडू कितीतरी आहेत त्या लीगमधली ही नवीकोरी टीम. पुरुषांच्या एएफएलमध्ये मात्र इतक्या वर्षांच्या इतिहासात तोपर्यंत एकाही खेळाडूने खेळत असताना "मी गे आहे" असं जाहीरपणे सांगितलेलं नव्हतं. यावरून ड्रेसिंग रूममध्ये किती भीती असेल याचा अंदाज करा.

म्हणून मला "फॅन्सनी उगाच कांगावा केला" हे म्हणणं अजिबात पटत नाही. महिला टीममधल्या त्या मुलींपैकी कुणी सकाळी बातमी वाचली असेल आणि आपला नवा बॉस ज्या संस्थेचा प्रमुख आहे ती आपल्या नात्याला पाप म्हणते हे कळलं असेल, तर तिच्या पोटात गोळा येणारच.

चर्चचं नाव सिटी ऑन अ हिल. २००७ साली मेलबर्नमध्ये सुरू झालेलं, अँग्लिकन, तरुण लोकांमध्ये वाढलेलं. २०१३ च्या त्या प्रवचनात गर्भपाताबद्दल बोलताना असं म्हटलं होतं की आज आपण छळछावण्यांकडे ज्या दुःखाने आणि किळसेने बघतो तसं पुढच्या पिढ्या या कायदेशीर हत्यांकडे बघतील. शिवाय समलिंगी संबंध ठेवणं पाप आहे ही शिकवणही चर्चच्या मजकुरात होतीच. आता इथे थोडं थांबूया, कारण या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या आणि पुढचा बराचसा गोंधळ त्यातूनच झाला. समलिंगी संबंध पाप ही शिकवण काही या एका चर्चची खासियत नाही, कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण तीच, ऑर्थोडॉक्स चर्चची तीच, इस्लामच्या बहुतेक परंपरांची तीच. ती मला स्वतःला पटत नाही, पण ती जगातल्या कोट्यवधी साध्यासुध्या लोकांच्या धर्माचा भाग आहे, त्यात तुमचा एखादा खेळाडू असेल, तुमचा फिजिओ असेल, तुमचा अकाउंटंट असेल. छळछावणीची तुलना ही मात्र वेगळी गोष्ट, ती धर्मशिक्षण नव्हे, ते एका माणसाने मंचावरून निवडलेले शब्द, आणि ज्या बाईने गर्भपात केलाय तिला आणि ज्यांचे आजीआजोबा छावणीत गेले त्यांना, दोघांनाही जखम करणारे शब्द. बोर्डाने "या संस्थेची मतं" म्हणून सगळं एकत्र केलं. पहिल्या गोष्टीवरून माणसाला अडवलं तर उद्या हूलीसारखा कुणी निवृत्तीनंतर क्लबचा मोठा अधिकारी होऊ शकेल का, मशिदीच्या ट्रस्टवर असेल तर? हा प्रश्न त्या मंगळवारी बोर्डाच्या टेबलावर आला असेल असं निवेदन वाचून तरी वाटत नाही.

मंगळवारी सकाळी बातमी आली. थॉर्बर्नने रेडिओवर सांगितलं की मी पास्टर नाही, माझं काम संस्थेचा कारभार नीट चालतो की नाही हे बघायचं, तिथे बोललं जाणारं सगळं मला पटतंच असं नाही. व्हिक्टोरिया राज्याचे तेव्हाचे प्रीमियर डॅनियल अँड्र्यूज, स्वतः कॅथलिक आणि स्वतः एसेंडनचे फॅन, त्यांनी ती मतं भयंकर आहेत, असहिष्णुता आहे असं थेट कॅमेऱ्यासमोर सांगितलं. राज्याचा प्रमुख असं बोलल्यावर बोर्डाकडे किती वेळ उरतो? बोर्डाने थॉर्बर्नला सांगितलं, दोन्ही पदं एकत्र चालणार नाहीत, एक निवड. त्याने चर्च निवडलं.

बारहॅमच्या निवेदनात तीन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींना पाय लावतात. एक, ही मतं थॉर्बर्नने स्वतः कधी मांडलेली नाहीत आणि तो चेअरमन व्हायच्या आधीची आहेत. दोन, हा कुणाच्या वैयक्तिक धर्मश्रद्धेवरचा हल्ला नाही. तीन, तरीही हा उघड उघड हितसंबंधांचा संघर्ष आहे कारण त्या संस्थेची मतं क्लबच्या मूल्यांशी जुळत नाहीत. थॉर्बर्नने उत्तरात लिहिलं की आपली ख्रिस्ती श्रद्धा सार्वजनिक जीवनात चालत नाही, निदान काही लोकांना तरी, हे आज आपल्याला कळलं, आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीला परवडणार नाही एवढी तडजोड आपल्याकडे मागितली जात होती.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो "हितसंबंधांचा संघर्ष" हा शब्द. हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे काय? तू क्लबचा सीईओ आणि जर्सी पुरवणाऱ्या कंपनीत तुझे शेअर्स, किंवा तू खेळाडूंच्या एजंट फर्मचा डायरेक्टर. म्हणजे एका खुर्चीतला निर्णय दुसऱ्या खुर्चीला फायदा देतो. चर्च आणि फुटबॉल क्लब यांच्यात असा कुठला व्यवहार होता? निदान निवेदनात तरी एकाचाही उल्लेख नाही. होता तो मूल्यांचा संघर्ष, आणि ते सरळ म्हणायला बोर्ड कचरलं कारण मूल्यांचा संघर्ष म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे धर्मामुळेच ना?" आणि तिथे कायदा उभा असतो. मग कारभाराच्या डिक्शनरीतला एक सुरक्षित वाटणारा शब्द उचलला. पण शब्द चुकीचा लावला की विचारही त्याच चुकीच्या खाचेत जाऊन बसतो, एक पद सोडलं की प्रश्न मिटला असं वाटायला लागतं. समजा त्याने चेअरमनपद सोडलं असतं आणि दर रविवारी पहिल्या रांगेत बसत राहिला असता, मग? त्या महिला टीममधल्या मुलीला याने काय फरक पडला असता? बोर्डाच्या हिशोबाने तो चाललाच असता.

कायद्याचं थोडक्यात. व्हिक्टोरियाचा समान संधी कायदा २०१० धर्मश्रद्धा आणि धार्मिक कृती दोन्हीला संरक्षण देतो, आणि फेअर वर्क कायदा २००९ च्या कलम ३५१ खाली धर्मावरून कर्मचाऱ्यावर प्रतिकूल कारवाई करता येत नाही, अपवाद असा की ती त्या विशिष्ट पदाच्या मूळ गरजेमुळे असेल तर. आता क्लबच्या सीईओ पदाची मूळ गरज काय, हिशोब, स्पॉन्सर, नोकरभरती एवढंच, की सगळ्या मेंबरांना "हा क्लब तुमचा आहे" हे पटवून देणं हीसुद्धा? माझ्या मते दुसरी गोष्ट पदाचा भागच आहे, एएफएल क्लब हे मेंबरांच्या जिवावर चालतात, इथे माणसं पिढ्यानपिढ्या तीच लाल पट्ट्याची काळी जर्सी घालतात. त्यामुळे क्लबकडे मुद्दा होता, अगदीच पोकळ नव्हता. पण तो मुद्दा आधी पदाच्या वर्णनात लिहावा लागतो. नेमणुकीची घोषणा केल्यावर दुसऱ्या दिवशी आठवला तर तो मुद्दा राहत नाही, ती सारवासारव होते.

आणि हे सगळं आधी कळण्यासारखं होतं हो! चेअरमनपद गुप्त नव्हतं, चर्चची वेबसाईट उघडी होती. बोर्ड म्हणालं की बातमी वाचेपर्यंत आम्हाला त्या प्रवचनाची कल्पना नव्हती, थॉर्बर्नलाही नव्हती. मला हे खरं वाटतं, आणि म्हणूनच जास्त काळजी वाटते. ज्या क्लबला नऊ वर्षांपूर्वी त्याच्याच रिपोर्टने सांगितलं होतं की तुम्ही प्रश्न विचारत नाही आणि लिहून ठेवत नाही, त्या क्लबने आपल्या सगळ्यात मोठ्या नेमणुकीत पुन्हा प्रश्न विचारला नाही.

अजून एक गोष्ट, जी त्या आठवड्याच्या गदारोळात मागे पडली. थॉर्बर्न बँकेतून का गेला होता? फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांच्या कारभाराची सरकारी चौकशी करणाऱ्या हेन रॉयल कमिशनचा अंतिम रिपोर्ट आला, त्यात ग्राहकांना सेवा न देता फी लावल्याबद्दल बँकेवर आणि तिच्या वरिष्ठांच्या वृत्तीवर, थॉर्बर्न आणि चेअरमन केन हेन्री यांची नावं घेऊन, टीका होती, आणि काही दिवसांतच दोघांनीही पद सोडल्याचं जाहीर झालं. म्हणजे जिथे तो स्वतः सीईओ होता, निर्णय त्याच्या हाताखाली होत होते, त्याबद्दल सरकारी चौकशीने बोट दाखवलं, ते एसेंडनला चाललं. आणि दुसऱ्याने, तो पदावर यायच्या कितीतरी आधी केलेलं भाषण, ते चाललं नाही. वागणुकीबद्दल पचवलं आणि संगतीबद्दल नाही. माझा सगळा आक्षेप या एका उलट्या क्रमावर आहे. नेता निवडताना सगळ्यात आधी त्याची वागणूक बघायची, मग त्याचे शब्द, आणि त्याची संगत सगळ्यात शेवटी.

हा क्रम लावला की शेजारची प्रकरणंही वेगवेगळी दिसायला लागतात, एरवी सगळी एकाच पोत्यात भरली जातात. इस्राएल फोलाऊ, रग्बी, एप्रिल २०१९, समलिंगी लोकांना नरक वाट बघतोय अशी पोस्ट त्याने स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकली, आधी सूचना मिळालेली असताना. मे महिन्यात करार रद्द झाला, डिसेंबरमध्ये कोर्टाबाहेर तडजोड. ते त्याचे स्वतःचे शब्द होते. हनीन झ्रेका, जायंट्सच्या महिला टीमची मुस्लिम खेळाडू, जानेवारी २०२२ मध्ये प्राइड मॅचला, म्हणजे समलिंगी समाजाच्या पाठिंब्यासाठीच्या मॅचला, इंद्रधनुषी जर्सी घालायला नको म्हणाली, कुणाबद्दल एक वाईट शब्द न काढता त्या मॅचला बाजूला बसली, क्लबही तिच्या पाठीशी उभा राहिला. तिथे विषय फक्त एका खेळाडूच्या स्वतःच्या अंगावरच्या कपड्याचा होता. आणि जुलै २०२२ मध्ये मॅनली सी ईगल्स, रग्बी लीग, सात खेळाडूंनी धार्मिक आणि सांस्कृतिक कारणांनी प्राइड जर्सी घालायला नकार दिला, आणि जर्सी तयार होईपर्यंत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. कोच देस हॅसलरने खेळाडूंची आणि समलिंगी समाजाची, दोघांचीही जाहीर माफी मागितली. सात जण नसलेली टीम रूस्टर्सकडून २०-१० ने हरली. मॅनलीचा धडा ताजा होता, फक्त दोन महिन्यांपूर्वीचा, त्याच देशातला: आधी विचारा. एसेंडनने वाचला नाही बहुतेक.

पण झ्रेकासारखं बाजूला बसणं सीईओला जमत नाही, हेही मान्य करायला हवं. खेळाडू एक मॅच सोडू शकतो, सीईओला प्राइड मॅचच्या दिवशी दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं असतं, आणि उद्या कुणी खेळाडू "मला काहीतरी सांगायचंय" म्हणून केबिनमध्ये आला तर दार बंद करून शांतपणे ऐकायचं असतं. म्हणून नेत्याला खेळाडूपेक्षा जास्त विचारलं पाहिजे यात मला काही गैर वाटत नाही. त्याच न्यायाने चर्चचा साधा सदस्य आणि चेअरमन यातही फरक आहे. सदस्य प्रार्थनेला जातो, चेअरमन त्या संस्थेच्या कारभाराला जबाबदार असतो, वेबसाईटवर काय ठेवायचं, काय काढायचं, हे त्याच्या टेबलावर येऊ शकतं. थॉर्बर्नने "मला सगळं पटत नाही" म्हटलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला की कुठलं पटत नाही आणि चेअरमन म्हणून तुम्ही ते चर्चमध्ये बोललात का? त्याला अडचणीत पकडायचं म्हणून नाही, याच्या उत्तरातून माणूस कळतो म्हणून.

तर बोर्डाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बंद खोलीत, घाई नसताना काय विचारायला हवं होतं? "तुमचा धर्म काय, तुम्ही समलिंगी संबंधांना पाप मानता का" हे नाही, ते विचारणं चूक आणि कायद्यानेही धोक्याचं. विचारायचं ते असं: तुम्ही आणखी कुठल्या संस्थेत पदावर आहात, त्या संस्थेने जाहीरपणे मांडलेलं असं काही आहे का ज्यावरून आमच्या मेंबरांना दुखेल, तसं काही वर आलं तर पहिल्या तासात तुम्ही काय बोलाल. आमच्या महिला टीमसमोर पहिल्या आठवड्यात उभे राहाल तेव्हा काय सांगाल. प्राइड मॅच तुम्ही स्वतः पुढे होऊन करणार की दुसऱ्यावर ढकलणार. बँकेत समलिंगी कर्मचाऱ्यांसाठी तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत, ते कोण सांगू शकेल. हे सगळे कामाबद्दलचे प्रश्न आहेत, नास्तिकालाही हेच विचारायचे, हिंदूलाही, मुसलमानालाही. उत्तरं समाधानकारक नसती तर नेमणूक झालीच नसती, विषय शांतपणे मिटला असता, कुणाचंच नाव वर्तमानपत्रात आलं नसतं. समाधानकारक असती तर मंगळवारी सकाळी बोर्डाला त्याच्या मागे उभं राहता आलं असतं, हातात काहीतरी असतं. थॉर्बर्नचं म्हणणं हेच होतं की मी जिथे नेतृत्व केलं तिथे सगळ्यांसाठी सुरक्षित जागा केली, माझं काम बघा. ते काम खरंच बघायला चोवीस तास पुरणारच नव्हते.

आणि या घिसाडघाईत दोन्ही बाजूंना चुकीचा निरोप गेला याचं मला खरंच वाईट वाटतं. मेलबर्नचे कॅथलिक आर्चबिशप पीटर कोमेन्सोली जाहीरपणे बोलले, तेव्हाचे संघीय विरोधी पक्षनेते पीटर डटन यांनी क्लबवर टीका केली, आणि दोन दिवसांत विषय क्लबच्या हातातून निघून राजकारणात गेला. श्रद्धाळू माणसाला वाटलं की आपण कितीही चांगलं काम केलं तरी देवळात-चर्चमध्ये जातो म्हणून आपल्याला वरची पायरी बंद. आणि ज्यांच्यासाठी हे केलं असं सांगितलं गेलं ते समलिंगी फॅन्स आणि खेळाडू, ते पुन्हा एकदा अशा भांडणाचं निमित्त झाले ज्यात त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. एका माणसाच्या नोकरीचा दोष नकळत त्यांच्या माथी आला.

पुढे वेस्ट कोस्ट ईगल्समधून क्रेग व्होझो सीईओ म्हणून आला आणि क्लबचं गाडं चालू लागलं. थॉर्बर्नचं प्रकरण कोर्टात निकालापर्यंत गेलं नाही. त्यामुळे धार्मिक संस्थेतलं पद सोडायला लावणं हे क्लबच्या सीईओ पदाच्या "मूळ गरजेत" बसतं की नाही, यावर न्यायाधीशाने लिहिलेलं एकही पान या प्रकरणातून मिळालं नाही, आणि उद्या दुसऱ्या एखाद्या क्लबच्या बोर्डासमोर असाच मंगळवार उजाडला तर त्यांनाही हाताशी एसेंडनचं निवेदन तेवढं सापडेल, आणि तेही चुकीच्या शब्दाचं.